तुझा आकार कोणता, बॉस?

सुट्टीच्या शनिवारी सकाळी साडेनऊला हार्बरच्या लोकलमध्ये लटकण्याइतकं वाईट आयुष्यात दुसरं काही नसतं, असं माझं ठाम मत होतं. दहा वाजता ते बदललं. त्याहून वाईट गोष्टीचं नाव आहे टीम बिल्डिंग!

स्थळ : रे रोड. कॉटन ग्रीनच्या पुढचं आणि डॉकयार्डच्या अलीकडचं स्टेशन. तिथल्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्याच्या गाळ्यांतून लेथ मशीनची घरघर चालू असते आणि तिसऱ्या मजल्यावर अचानक काचेचं दार, गारेगार एसी आणि केशरी बीन बॅग्ज. या कंपनीचं न्यूजलेटर मी लिहिते. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला अशी कामं फार जपावी लागतात, कारण घरभाड्याचा निम्मा भार त्यावर निघतो. काम मिळवून दिलं कॉलेजातल्या मैत्रिणीने. ती तिथे अकाउंट्सला आहे. एचआरचा आदेश साधा होता, ‘ये, वर्कशॉप बघ, फोटो काढ, पाचशे शब्द लिही.’ मीही उत्साहात कॅमेरा घेऊन पोचले, तर त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं. म्हणे, ‘तूपण फॅमिलीच की!’

ट्रेनर सरांनी प्रत्येकाला एकेक कागद वाटला. त्यावर पाच आकृत्या होत्या. चौकोन, त्रिकोण, आयत, वर्तुळ आणि पाचवी एक वळवळती रेघ, ताटात शेवया सांडल्यासारखी.

“डोन्ट थिंक! पाच सेकंद. जो आकार सगळ्यात जास्त ‘मी’ वाटतो, त्याच्यावर टिक!”

मी त्रिकोणावर टिक केली. खरं कारण सांगू? नाश्ता झाला नव्हता आणि समोरच्या टेबलावर समोसे मांडून ठेवले होते.

मग निकाल. त्रिकोणवाले म्हणजे जन्मजात लीडर, झटपट निर्णय घेणारे, जिंकायला निघालेले. (माझ्या हाताखाली आजवर एकच जण आलाय, सोसायटीचं मांजर. तेही ऐकत नाही.) चौकोनवाले शिस्तीचे, मेहनती, कागदपत्रं टापटीप ठेवणारे, पण बदल म्हटला की त्यांच्या पोटात गोळा येतो. वर्तुळवाले प्रेमळ, माणसं जोडणारे. आयतवाले सध्या आयुष्याच्या कुठल्यातरी वळणावर उभे. आणि वळवळ रेघवाले एकदम क्रिएटिव्ह, डोक्यात हजार कल्पना, फक्त एकही पूर्ण होत नाही.

हशा, टाळ्या, ‘अय्या, सेम टू सेम!’ माहौल एकदम सेट. आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत मजाही येत होती. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मोबाइलमध्ये डोकं घालणारी माणसं चक्क गप्पा मारायला लागली. रिसेप्शनवरची मुलगी आणि कंपनीचे डायरेक्टर दोघेही वर्तुळ निघाले. दोघांनी टाळी दिली. मग सरांनी रंगीत स्टिकर वाटले. आपापला आकार छातीवर चिकटवून दिवसभर फिरायचं.

गडबड झाली ती जेवणाच्या वेळी.

माझी मैत्रीण चौकोन निघाली होती. गेली चार वर्षं ती बिलं, जीएसटी आणि वसुली यांच्यात बुडालेली आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिने क्लायंट टीममध्ये बदलीसाठी अर्ज टाकला होता. त्या टीमचे हेड हातात प्लेट घेऊन आले, तिच्या स्टिकरकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, “अरे, तू तर चौकोन! मग तू अकाउंट्समध्येच बरी. क्लायंटसमोर आम्हाला वर्तुळं लागतात.” सगळे हसले. तीही हसली. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, “बघू गं, पुढच्या वर्षी.”

तिने प्लेटमधला गुलाबजाम तसाच ठेवला. मी तिला कॉलेजपासून ओळखते. गुलाबजाम सोडणाऱ्यातली मुलगी नव्हे ती.

मला जाम राग आला. आणि रागात माझं डोकं जरा बरं चालतं. सरांच्या टेबलावरून मी वर्णनांचा कागद उचलला आणि कोपऱ्यात डाळभात खाणाऱ्या चार चौकोनांकडे गेले. “हे बघा, तुमच्याबद्दल अजून डिटेलमध्ये आलंय,” म्हणत त्यांना वर्तुळाचं वर्णन वाचून दाखवलं. ‘तुम्ही दुसऱ्यांचा आधी विचार करता. भांडण तुम्हाला सहन होत नाही. लोक मन मोकळं करायला तुमच्याकडे येतात. कधी कधी याचा तुम्हालाच त्रास होतो.’

“अगदी मीच!” पहिला म्हणाला. दुसरीने मान डोलावली. तिसरा म्हणाला, “हे प्लीज माझ्या बायकोला फॉरवर्ड कर.” चौथ्याला फक्त शंका आली. तो म्हणाला, “भांडण मला आवडतं.” बरोबर होतं त्याचं. वसुलीची पत्रं तोच लिहितो.

चार माणसं म्हणजे काही संशोधन नव्हे, मान्य. पण हा प्रयोग माझा नाहीच. अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९४८मध्ये तो आपल्या वर्गावर केला. ३९ विद्यार्थ्यांची त्यांनी पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात ‘खास तुझं’ वर्णन ठेवलं. कितपत जुळतं, याला पाचपैकी मार्क द्या म्हणाले. सरासरी आली ४.२६. मग त्यांनी सांगितलं की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता! आणि त्यातली बरीचशी वाक्यं त्यांनी स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘तुझ्यात बरीच क्षमता आहे, पण ती तू अजून वापरलेली नाहीस.’ असं कुणाला सांगितलं तर तो नाही म्हणेल का?

आकारांचा हा फंडाही अमेरिकेचाच. सुझान डेलिंजर या ट्रेनर बाईंनी तो ‘सायको-जिऑमेट्रिक्स’ नावाने आणला आणि १९८९मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून तो जगभरच्या वर्कशॉप्समध्ये पसरला. पसरणारच! पाच आकार, एक पेन, एक पान. ना फॉर्म भरायचे, ना तासभर प्रश्न सोडवायचे. रे रोडपर्यंत यायला त्याला पासपोर्टही लागला नाही.

तुम्ही म्हणाल, आकारांचा आणि मनाचा काहीच संबंध नाही का? तर आहे, आणि तो सॉलिड इंटरेस्टिंग आहे. एक टोकदार, काटेरी आकृती काढा आणि एक गोलमटोल ढगासारखी. आता ‘किकी’ कोणती आणि ‘बुबा’ कोणती, ते मित्राला विचारा. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१मध्ये लिहिलंय की जवळपास ९५ टक्के लोक टोकदार आकृतीला किकी म्हणतात आणि गोल आकृतीला बुबा. अमेरिकेतली कॉलेजची पोरंही आणि तमिळ बोलणारेही. म्हणजे गोल आकार मऊ वाटणं, टोकदार आकार कडक वाटणं हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात साधारण सारखंच असतं. पण सगळ्यांमध्ये जे सारखं आहे, त्यावरून ‘हा असा आणि ती तशी’ हे कसं ओळखणार? रामचंद्रन यांच्या प्रयोगातून माणसाचं मन कळतं. अकाउंट्समधल्या एका मुलीचं मन त्यातून कळत नाही, आणि ते कळेल असा त्यांचा दावाही नाही.

आणि आपण मराठी माणसांनी या अमेरिकन फंड्याला हसायचं काही कारण नाही. आपल्याकडची कुंडली आठवा. एक चौकोन, त्यात दोन तिरक्या रेघा, मध्ये पुन्हा एक तिरपा चौकोन, की झाली बारा घरं तयार. चौकोनात त्रिकोण मांडून माणूस ओळखायचा उद्योग आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. स्टिकर तेवढे नव्हते.

त्याचीही परीक्षा झालीय बरं का, आणि ती आपल्या पुण्यात. २००८मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. शंभर अभ्यासात हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलाची कोणती, ते ओळखा. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण निम्मी बरोबर आली असती. तो निकाल २००९मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

हे सगळं मला पटतं ते एका साध्या गोष्टीसाठी. त्यांनी आधी ठरवलं होतं की किती बरोबर आले तर पास म्हणायचं. चाचणी म्हणवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे असतात. याच माणसाला पंधरा दिवसांनी विचारलं तर हेच उत्तर येईल का? आणि या उत्तरावरून जे सांगितलं, ते नंतर खरं ठरतं का? माझा त्रिकोण पहिल्याच प्रश्नाला आडवा झाला असता. जेवणानंतर मी नक्की आयत निवडला असता, उशीच्या आकाराचा.

संध्याकाळी वर्कशॉप संपलं. मैत्रीण म्हणाली, “दारूखान्यात मामाकडे जायचंय, पत्रिका द्यायचीय. येतेस?” पत्रिका लग्नाची होती, तिच्या भावाच्या. आम्ही चालत निघालो. रे रोड म्हणजे आताचा बॅरिस्टर नाथ पै मार्ग. १८८५ ते १८९० या काळात लॉर्ड रे मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव या रस्त्याला आणि स्टेशनला लागलं. स्टेशनचं राहिलं, रस्त्याचं बदललं, पण लोकांच्या तोंडातून रे रोड काही गेला नाही. आता तिथे २०२५मध्ये उघडलेला नवा केबलचा पूल आहे. त्याच्या तिरक्या तारा बघून मी म्हणाले, “बघ, सगळे लीडर!” ती हसली नाही.

मग मी तो प्रश्न विचारला, जो दिवसभरात कुणीच विचारला नव्हता. “तू चौकोनच का निवडलास गं?”

“कॅरम,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“अगं, चौकोन बघितला की मला कॅरम बोर्डच दिसतो.”

ती लालबागच्या चाळीत वाढलीय, हे मला माहीत होतं. पण चाळीच्या गॅलरीत, साठच्या बल्बखाली, मोठ्या पोरांच्या मधोमध बसून ती रोज रात्री कॅरम खेळायची, हे नऊ वर्षांच्या मैत्रीत मला ठाऊक नव्हतं. गणपतीत मंडळाच्या स्पर्धेला मुलींची वेगळी गटवारी नव्हती, म्हणून तिने मुलांमध्ये नाव दिलं. दोनदा फायनलला गेली, एकदा जिंकली. “स्ट्रायकर सगळे मारतात गं,” ती सांगत होती, “पण समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं. त्याला कुठली सोंगटी हवीय ते आधी कळतं. मग ती त्याला मिळू द्यायची नाही, किंवा एखादी मिळू द्यायची आणि आपण राणी घ्यायची.”

मी रस्त्यातच थांबले. क्लायंटशी डील करायचं म्हणजे आणखी काय असतं?

ज्या चौकोनावरून तिच्यावर ‘नियमात रमणारी’ असा शिक्का बसला, तो चौकोन तिच्यासाठी जिंकायची जागा होती. कागदाला ते दिसणं शक्य नव्हतं. पण समोर प्लेट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दिसू शकलं असतं. त्याने एकदा ‘का?’ एवढंच विचारायला हवं होतं.

मामा दारूखान्यात एका लोखंडाच्या गोदामात हिशोब सांभाळतात. तीस वर्षं झाली. आम्ही पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. आत काय बघावं! गोल सळ्या, चौरस बार, अँगल, चॅनेल, पट्ट्या, पत्र्यांच्या थप्प्या आणि कोपऱ्यात वाकड्यातिकड्या भंगाराचा ढीग. सकाळचा कागद जसाच्या तसा, फक्त टनात.

चहा आला. मी उगाच मामांना विचारलं, “मामा, तुम्हाला यातला कुठला आकार आवडतो?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. “पोरी, आधी सांग, बनवायचंय काय? शाफ्टला गोल लागतो. खिडकीच्या ग्रिलला चौरस चालतो, पट्टी चालते. रॅकला अँगल. वजन पेलायचं तर चॅनेल. नुसतं आवडून काय करू?”

सरांच्या आठ तासांच्या वर्कशॉपची फी किती होती, ते मला माहीत नाही. मामांनी चहाही स्वतःच्या पैशाने पाजला.

निघताना ते अजून एक गोष्ट बोलले. दारूखान्याच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं तोडायला येतात. आपली पहिली ‘विक्रांत’ इथेच आली होती. १९६१मध्ये नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका १९९७मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं म्युझियम म्हणून उभी होती, आणि २०१४च्या शेवटी इथे तिच्यावर गॅस कटर चालला. “वाईट वाटलं सगळ्यांना,” मामा म्हणाले. “पण तिच्या पोलादाची पुढे मोटारसायकल झाली की नाही?” खरंच झाली. त्यातलं थोडं पोलाद वापरून बजाजने २०१६मध्ये ‘व्ही’ ही बाइक काढली. एके काळी जहाजात असलेलं पोलाद मग दादरच्या सिग्नलवर थांबलं असेल. त्याला कुणी विचारलं असेल का, बाबा रे, तुझा मूळ आकार कोणता?

रविवारी एचआरची मेल आली. सोबत सगळ्यांचे फोटो आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा आकार. पानाचं शीर्षकही ठरलं होतं, ‘आमची टीम, आमचे आकार!’ शेवटी एक ओळ होती. ही यादी फाइललाही ठेवू, अप्रेझलच्या वेळी रेफरन्सला बरी पडेल.

आता खरी गोष्ट सांगते. मी ती मेल वाचून लॅपटॉप बंद केला आणि अर्धा तास कपडे धुतले. कारण मला उत्तर माहीत होतं आणि भाड्याची तारीखही. फ्रीलान्सरने एचआरला शहाणपण शिकवायचं नसतं. पाचशे शब्द लिहायचे, बिल पाठवायचं आणि पुढच्या महिन्याची वाट बघायची. पण डोळ्यांसमोरून तो गुलाबजाम जाईना.

शेवटी मेल लिहिली. भाषण दिलं नाही. फोररची गोष्ट चार ओळींत सांगितली. माझ्या समोशाचं कबूल केलं. आणि सुचवलं की आकार छापण्याऐवजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू या, ‘हा आकार बघून तुम्हाला काय आठवलं?’ आणि ती यादी प्लीज फाइलला ठेवू नका. सेंड दाबल्यावर पोटात गोळा आला. त्रिकोणाला येत नाही म्हणतात.

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘ओके, ट्राय करू.’ फाइलबद्दल अक्षर नाही. मी पुन्हा विचारलं. मग फोन आला, “अगं, ते आम्ही असंच म्हटलं होतं, नाही ठेवत.” ‘असंच’ लिहिलेल्या गोष्टीच तर पुढे कुणाच्या तरी वाट्याला येतात, हे मी मनातच ठेवलं.

पान मात्र झकास झालं. डायरेक्टरांना वर्तुळ बघून आईच्या हातची भाकरी आठवली होती. रिसेप्शनवरच्या मुलीला स्कूटीचं चाक, जी ती अजून हप्त्यांवर फेडतेय. वसुलीवाल्याला चौकोनावरून गावच्या घराचं अंगण. आणि माझ्या मैत्रिणीने कॅरमवर चार ओळी लिहिल्या. सोमवारी ती त्याच हेडकडे पुन्हा गेली, या वेळी स्टिकर न लावता. गेल्या वर्षी तिने फोनवर बोलून सोडवलेल्या अकरा अडकलेल्या पेमेंट्सची यादी टेबलावर ठेवली. त्यांनी तिला तीन महिन्यांसाठी दोन क्लायंट दिलेत. टेबल अजून अकाउंट्समध्येच आहे. पुढचं पुढे. पण डाव सुरू झालाय आणि स्ट्रायकर तिच्या हातात आहे.

तर मंडळी, तुमच्याही ऑफिसात कधी ना कधी तो कागद येणार. आकारांचा असेल, रंगांचा असेल, प्राण्यांचा असेल. बिनधास्त खेळा. अनोळखी माणसांना बोलतं करायला असे खेळ मस्त असतात. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वर्णन ‘अगदी मीच’ वाटलं तर शेजारच्याचं वर्णनही वाचा, तेही तुम्हीच निघाल. दोन, हा कागद पुढे कुठे जाणार आहे, ते हसत हसत पण नक्की विचारा. आणि तीन, बाजूच्याने कुठला आकार निवडला ते कळल्यावर तिथेच थांबू नका. ‘का?’ म्हणून विचारा.

आणि वर्कशॉपला जाण्याआधी नाश्ता करून जा. नाहीतर उगाच लीडर व्हाल.